आधी डावी, मग उजवी

“बघा ताई, पुन्हा सारख्याच!”

संशोधक मुलीने संगणकाचा पडदा ताईकडे वळवला आणि खुर्ची अशी मागे ढकलली की ती भिंतीवर आपटून परत पुढे आली. पडद्यावर करड्या रंगाची पट्टी होती आणि तिच्यावर आठ काळ्या रेघा. त्या एकाआड एक गडद आणि फिकट दिसायला हव्या होत्या. जखमी नसेची गडद, शाबूत नसेची फिकट. पण आठही रेघा एका साच्यातून काढल्यासारख्या होत्या.

“या रेघांना आपण बँड म्हणतो ना,” मुलगी म्हणाली, “तर तो वाजला आपला. महिनाभरात तिसऱ्यांदा.”

ताईने चष्मा कपाळावर चढवला आणि नाक पडद्याला लागेल इतकी ती वाकली. जवळून पाहिल्याने रेघा बदलतील असं तिला वाटत नव्हतं. पण मुलगी रडवेली झाली होती, आणि तिला चेहरा सावरायला मिनिटभर मिळालं तर बरं, एवढाच त्यामागे विचार होता.

प्रयोगशाळेत सगळेच तिला ताई म्हणत. तिच्याहून दोन वर्षांनी मोठे असलेले सरसुद्धा. सव्वीस वर्षं ती तिथे तंत्रज्ञ होती. द्रावणं बनवायची, उंदरांच्या नसांवर, म्हणजे मज्जातंतूंवर, शस्त्रक्रिया करायची, तिसऱ्या दिवशी त्या नसा काढायच्या, आणि रुसून बसलेल्या यंत्रांची समजूत घालायची. सात मुलंमुली तिच्या हाताखालून डॉक्टरेट घेऊन गेली होती. त्यांच्या शोधनिबंधांच्या शेवटी आभाराच्या परिच्छेदात तिचं नाव यायचं, उंदीर पुरवणाऱ्या केंद्राच्या लगेच आधी. या खेपेला मात्र सरांनी ते उचलून वर, लेखकांत घातलं होतं. पाचांत तिसरं. निबंधाच्या पहिल्या पानाची छापील प्रत तिने घरी नेली होती आणि कपड्यांच्या कपाटात, घडीच्या चादरींखाली ठेवली होती.

त्या निबंधाचा सगळा जीव या गडद आणि फिकट रेघांत होता. नस दुखावली की आतल्या एका प्रोटीनवर फॉस्फेटचा एक लहानसा गट येऊन चिकटतो, फाइलीवर ‘तातडीचे’ अशी चिठ्ठी लावावी तसा. ती चिठ्ठी पेशीपर्यंत पोचली की पेशी पुन्हा वाढीच्या कामाला लागते. तीन वर्षं त्यांनी हेच पाहिलं होतं. उंदराच्या डाव्या मांडीतली नस चिमट्याने दाबून जखमी करायची, उजवी तशीच ठेवायची आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही तपासायच्या. डाव्या नसेत चिठ्ठ्याच चिठ्ठ्या, म्हणून रेघ गडद; उजवीत नावाला, म्हणून फिकट. ही चिठ्ठी जास्त दिवस टिकवता आली तर तुटलेल्या नसा लवकर वाढतील, असं सर सभांमध्ये सांगायचे, आणि ऐकणारे माना डोलवायचे. नियतकालिकाच्या परीक्षकांनाही निबंध आवडला होता. त्यांची एकच मागणी होती: आणखी काही उंदरांवर करून दाखवा. मुदत महिनाअखेरची.

आणि आता, नेमक्या आता, उजवी नसही डावीइतकीच गडद दिसायला लागली होती.

“रसायन नवीन मागवलं,” मुलगी बोटं मोडत म्हणाली, “जुनंही वापरून पाहिलं. फॉस्फेट गळू नये म्हणून घालायचं ते औषध दुप्पट घातलं. पाणीसुद्धा शेजारच्या प्रयोगशाळेतून आणलं, त्यांचे टोमणे ऐकून. अजून काय करू? नवस बोलू?”

“आधी चहा पी.”

“ताई, एक सांगू? रागावू नका. तीन वर्षं सगळ्या नसा तुम्ही एकट्या काढत होतात. गेल्या महिन्यापासून मी समोर बसायला लागले. एक बाजू तुम्ही, एक बाजू मी. तेव्हापासूनच हे सुरू झालं. माझाच हात वाईट आहे.”

“काहीतरी बोलू नकोस. तुझा हात माझ्यापेक्षा हलका आहे.”

“मग तुम्ही एकदा एकट्या करून बघा ना. अगदी पूर्वीसारखं.” तिने ताईचं मनगट धरलं. “तुमच्या हाताला गुण आहे. माझी शिष्यवृत्ती चार महिन्यांत संपतेय हो.”

हाताला गुण वगैरे गोष्टींवर ताईचा विश्वास नव्हता. तरी ती “बरं” म्हणाली. आपल्याला ते ऐकून बरं वाटलं, याचा तिला जिना उतरेपर्यंत राग येत राहिला.

*

खऱ्या नात्याने तिला ताई म्हणणारा एकच माणूस होता. रविवारी सकाळी तो नेहमीप्रमाणे जेवणाच्या टेबलावर उजवा हात पसरून बसला.

“घ्या डॉक्टरीणबाई. मोजा.”

धाकटा भाऊ आरशांच्या दुकानात काच कापायचा. साडेपाच महिन्यांपूर्वी एक तावदान त्याच्या हातातून निसटलं आणि कोपराच्या चार बोटं खाली आडवं घुसलं. नस तुटली. शल्यविशारदाने ती शिवली, पण शिवली म्हणजे फक्त टोकाला टोक लावलं. पुढची वाट नसेला स्वतःच चालायची असते, दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. तोवर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकडं, बधिर. मागच्याच आठवड्यात त्याने गरम कपाला करंगळी टेकवून ठेवली होती आणि फोड आल्यावर त्याला कळलं होतं. अपघातानंतर तो भाड्याची खोली सोडून ताईकडे राहायला आला. दुकानाचा मालक भला माणूस होता, पण तोही आता फोनवर “मग कधी?” एवढंच विचारायचा.

नस कुठवर आली हे शोधायची जुनी, साधी रीत आहे. बोटांकडून कोपराकडे नसेच्या वाटेवर हलकेच टकटक करत यायचं. जिथे वाढती टोकं असतात तिथे ठोकलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. ताई पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने ठोकायची, जागा सापडली की बॉलपेनने ठिपका काढायची, वणापासून टेप लावायची आणि आकडा वहीत लिहायची.

“इथे?”

“नाही.”

“इथे?” रबर मागच्या रविवारच्या पुसट ठिपक्यापाशी आलं होतं, त्याच्या थोडं पुढे.

भावाने रबराकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. “हो. इथे. झिणझिणलं.”

“नक्की?”

“अगं नक्की म्हणजे काय, माझा हात आहे!”

“एकशे अठरा,” तिने लिहिलं. गेल्या रविवारपेक्षा सात मिलिमीटर जास्त. दिवसाला एक, बरोबर पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. आठवडाभरात तिला बरं वाटलेली ही पहिलीच गोष्ट होती.

“आणि तुझं ते फॉस-फॉस काय झालं? दुकानात सगळ्यांना सांगून ठेवलंय मी, आमच्या ताईचं नाव छापून येणार म्हणून. मालक म्हणतो, त्या कागदाला फ्रेम माझ्याकडून. काच मी कापणार.”

“आधी पेन धरायला शीक.”

“पेन कशाला? हिरकणी धरेन थेट.” डाव्या हाताने त्याने काच कापायच्या हिरकणीचा आविर्भाव केला, टेबलावरून एक सरळ रेघ ओढली आणि तोंडाने काच तुटल्याचा आवाज काढला. तो आवाज त्याला फार हुबेहूब यायचा.

*

सोमवारी ताई एकटी बसली. चार उंदीर होते. भिंतीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत कामाचा कागद लटकत होता, तिच्याच अक्षरातला, कोपरे पिवळे पडलेला. पाचवी ओळ: ‘आधी डावी, मग उजवी.’

पहिल्या उंदराला तिने झोपवलं, तो गेल्याची खात्री केली आणि डावी मांडी उघडली. जखमी नस म्हणजे नाजूक काम. भोवती सूज असते, चिकटलेलं असतं. ती एकेक धागा सोडवत गेली. दाबलेली जागा मधोमध येईल अशी नस मोजून कापली, नळीत घातली, नळीवर क्रमांक लिहिला आणि सगळं आहे तसं गोठावं म्हणून ती द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली. पांढऱ्या वाफा बाहेर आल्या. मग तिने हात पुसला आणि उजवीकडे वळली.

समोरचं स्टूल रिकामं होतं.

महिनाभर त्या स्टुलावर मुलगी बसायची. ताई डावीवर काम करत असताना ती तिकडे उजवी काढून मोकळी व्हायची. आज तिथे कोणी नव्हतं, आणि उजवी नस मांडीत तशीच पडून होती. तिला काही झालेलं नव्हतं, म्हणून तिची कोणाला घाई नव्हती.

ताईने घड्याळाकडे पाहिलं. वेळ लिहायची सवय तिला पहिल्या दिवसापासून होती. ‘डावी १०.४२’ असं तिने मघाशी लिहिलं होतं. उजवी काढून नायट्रोजनमध्ये टाकली तेव्हा दहा सत्तेचाळीस झाले होते. पाच मिनिटं. मेलेल्या उंदराच्या उबदार मांडीत, रक्त थांबलेलं असताना, पाच मिनिटं.

फॉस्फेट काढून टाकणारे पदार्थ पेशीत असतातच. चिठ्ठी लावणारे थकले तरी फाडणारे थांबत नाहीत. हे तिला ठाऊक होतं, नव्या मुलांना तीच तर शिकवायची. ‘घाई करा रे, फॉस्फेट कोणाची वाट बघत नाही.’ पण ही घाई ती नेहमी डाव्या नसेसाठी करत आली होती.

उरलेले तीन उंदीर तिने त्याच क्रमाने संपवले. कागदावर तसंच लिहिलेलं होतं.

बुधवारी पट्टी आली. गडद, फिकट, गडद, फिकट. पुस्तकात छापावी अशी. मुलीने किंचाळून तिला मिठी मारली, सर त्यांच्या खोलीतून धावत आले आणि बिस्किटांचा पुडा टेबलावर मोकळा झाला.

“म्हणत होते ना मी!” मुलगी सगळ्यांना सांगत होती. “ताईंच्या हाताला गुण आहे!”

“ताई, तुम्ही निवृत्त व्हायचं नाही बरं का,” सर म्हणाले. “आम्ही होऊ देणार नाही.”

ताईने एक बिस्किट घेतलं. ते चावताना कानात एवढा आवाज का होतोय, हे तिला कळेना.

सगळे गेल्यावर तिने कपाटातून तीन वर्षांच्या वह्या काढल्या. अकरा होत्या. डावीची वेळ, उजवीची वेळ. चार मिनिटं, पाच, सहा, पुन्हा पाच. इतकी वर्षं तिने हे आकडे लिहिले होते, पण त्यांची वजाबाकी कधी केली नव्हती. लिहिलं की काम झालं, असं तिच्या मनाने धरलं होतं. आता तिने एकेका उंदरासमोर मिनिटं मांडली आणि त्यांच्याशेजारी रेघांमधला फरक. जितका उशीर, तितकी उजवी फिकट. इतकं सरळ, की तीन वर्षांपूर्वी एखाद्या शाळकरी मुलीनेही सांगितलं असतं.

निबंधात घातलेली पट्टी, सगळ्यात सुंदर, सर ज्या पट्टीचं चित्र सभांमध्ये सगळ्यात आधी दाखवायचे, ती शेवटून दुसऱ्या वहीत सापडली. डावी ११.०८. उजवी ११.२१. आणि समासात बारीक अक्षरात: ‘मध्ये फोन.’

तो फोन इस्पितळातून आला होता. पलीकडचा माणूस म्हणाला होता, तुमच्या भावाला काच लागली आहे, या. तिने “येते” म्हणून फोन ठेवला होता आणि आधी उजवी नस काढली होती. उंदीर मारला आहे तो वाया जाऊ नये म्हणून. मगच हातमोजे उतरवले होते.

ताई वही मांडीवर घेऊन बसली. तिला रडू येत नव्हतं, संताप येत होता, आणि तो कोणावर काढावा हेच कळत नव्हतं. परीक्षकांवर? त्यांनी मागितलं नसतं तर हे निघालंच नसतं. मुलीवर? ती समोर येऊन बसली नसती तर निघालं नसतं. भिंतीवरच्या कागदावर? त्यावरचं अक्षर तर तिचंच होतं. शिवाय फसवणूक म्हणावी तर कोणीच केली नव्हती. दुखावलेल्या बाजूची काळजी आधी घेतली, एवढाच काय तो गुन्हा.

पुढचे दोन दिवस तिने कोणालाच काही सांगितलं नाही. बाटल्या धुणाऱ्या बाईवर ती खेकसली. घरी भावाला, पाय खाली घे म्हणून ओरडली. कोणाला सांगायची गरजच नव्हती, हे सगळ्यात वाईट होतं. उरलेले उंदीर तिने एकटीने, तिच्या गुणाच्या हाताने, कागदावरच्या क्रमाने केले असते, की सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलं असतं. काही खोटं करायचंच नव्हतं. फक्त नेहमीसारखं काम करायचं होतं.

शुक्रवारी तिने मुलीला समोर बसवलं आणि वही उघडून दाखवली. मुलीचा चेहरा पांढरा पडला.

“नाही ताई. असं नसेल.”

“नसलं तर देवच पावला. उलटं करून बघू. आधी उजवी, मग डावी. मी डावीला पाच मिनिटं नुसती बघत बसते.”

चार उंदीर. मंगळवारी पट्टी आली. सगळं उलटं. शाबूत उजवी गडद, जखमी डावी फिकट. मुलीने पडदा बंद केला, पुन्हा चालू केला आणि पुन्हा बंद केला.

“तुम्ही गप्प राहिला असतात तरी चाललं असतं,” ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. “मी तुमच्या हातावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता.”

“तेच चुकलं,” ताई म्हणाली. “दोघींचंही.”

*

सरांनी पट्टी पाहिली, वह्या पाहिल्या, वजाबाकीचा कागद पाहिला. मग उठून खिडकी लावली. बाहेर कसलाच आवाज नव्हता.

“कोणाकोणाला माहीत आहे?”

“तिघांना. तुम्ही धरून.”

“चार उंदीर, ताई. चार उंदरांवरून तीन वर्षं पुसून टाकायची?”

“पुसायचं काही नाही सर. लिहिलंय ते तसंच आहे. वेळेसकट.”

“हे तुम्हाला आत्ता सुचतंय? सव्वीस वर्षांनी? मुदतीला नऊ दिवस उरलेले असताना?” त्यांनी वही टेबलावर आपटली आणि लगेच, जणू वहीला लागलं असावं तसा, तिच्यावर हात ठेवला. “परीक्षकांनी क्रम विचारलेला नाही.”

“नाही विचारला.”

“मग?”

“मग काही नाही. मला कळलं ते मी सांगितलं. पुढचं तुम्ही ठरवा.”

“तुमचं नाव आहे त्याच्यावर. मी घातलंय. लोक म्हणत होते तंत्रज्ञाचं नाव कशाला, तरी घातलंय.”

“हो. तिसरं आहे.”

सरांनी वही मिटली. ताईला त्यांची कीव आली आणि कीव आल्याचा रागही आला. या माणसाने प्रत्येक सभेत ते चित्र दाखवलं होतं. टाळ्या त्यालाच मिळाल्या होत्या, हे खरं. पण प्रयोगशाळेसाठी दारोदार फिरून नकारही त्यानेच पचवले होते.

“फॉस्फेट चिकटतच नाही, असं नाही ना?” शेवटी त्यांनी विचारलं. आता ते जरा विद्यार्थ्यासारखे दिसत होते.

“चिकटत असेल. दोन्हीकडे चिकटतं असं दिसतंय. जखमी बाजूला किती जास्त, की नाहीच, ते आपल्याला माहीत नाही. आपण ते अजून मोजलेलंच नाही.”

“तीन वर्षं,” सर म्हणाले.

“तीन वर्षं आपण माझा उशीर मोजत होतो.”

चार दिवस ते तिच्याशी कामापुरतंही बोलले नाहीत. चहाच्या वेळी ती खोलीत शिरली की बोलणी थांबायची. शेजारच्या प्रयोगशाळेतल्या एकाने विचारलंच, “काय ताई, घरचा भेदी का?” आणि ती विनोद समजून हसली, कारण दुसरं काय करणार. पाचव्या दिवशी कळलं की सरांनी निबंध मागे घेतल्याचं पत्र पाठवलं. तिला कोणी सांगितलं नाही. छपाईच्या यंत्रावर पत्राची प्रत पडली होती, ती उचलून फाइलीला लावायचं काम तिचंच होतं. पत्रात कारण एका वाक्यात होतं. नाव कोणाचं नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी तिने भिंतीवरची पिशवी काढली. पाचव्या ओळीवर फूटपट्टी ठेवून आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: ‘दोन्ही एकाच वेळी. दोन माणसं.’ पिशवी परत लावत असताना मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला. मुलगी समोर येऊन बसली होती. डोळे सुजलेले, हातात चिमटा.

“शिष्यवृत्ती सहा महिने वाढवून मिळतेय का बघतायत सर,” ती उंदराकडे बघत म्हणाली. ताईकडे तिने पाहिलं नाही. “एक, दोन, तीन म्हणा. एकदम उघडू.”

“एक,” ताई म्हणाली.

*

रविवारी भाऊ टेबलाशी हात पसरून बसला. बाही त्याने डाव्या हाताने आणि दातांनी गुंडाळली होती.

“घ्या. आज एकशे एकोणचाळीस. पैज.”

ताईने पेन्सिल उचलली. मागच्या रविवारचा एकशे बत्तीसचा ठिपका अजून पुसट दिसत होता. तिने कापूस ओला केला आणि तो ठिपका नाहीसा होईपर्यंत पुसला.

“हे काय?”

“डोळे मीट.”

“आता डोळे कशाला मिटायचे? लग्न ठरवतेयस का माझं?”

“मीट रे. आणि मी काही विचारणार नाही. झिणझिणलं की तूच सांग.”

त्याने डोळे मिटले. मिटल्यावर तो एकदम लहान दिसायला लागला. ताईने मनगटापासून सुरुवात केली. टक, टक. ठोक्यांमधलं अंतर तिने सारखं ठेवलं, तोंडातून शब्द काढला नाही, श्वाससुद्धा बेतानेच घेतला. एकशे एकोणचाळीसची जागा गेली. एकशे बत्तीस गेली. भावाच्या कपाळाला आठी पडली. एकशे पाच. तो खालचा ओठ चावत होता. त्याला डोळे उघडायचे होते, हे तिला कळत होतं. पेन्सिल तशीच कोपराकडे सरकत राहिली. आणि एका ठिकाणी, तिची अपेक्षा संपल्यावर, त्याचं वाकडं बोट टेबलावर आपोआप हललं.

“इथे!” तो ओरडला. “ताई, इथे! करंगळीपर्यंत गेलं! वीज गेल्यासारखं!”

असं तो यापूर्वी एकदाही ओरडला नव्हता, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

तिने ठिपका काढला, टेप लावली. त्याने डोळे उघडले, ठिपका पाहिला आणि मग टेपवरचा आकडा वाचला. एक्क्याण्णव.

त्याने वणापासून ठिपक्यापर्यंत बोटाने स्वतः मापून पाहिलं. स्वयंपाकघरात नळ थेंबथेंब गळत होता.

“मी खोटं नव्हतो बोलत गं,” तो म्हणाला. “तू तिथे आलीस की तुझा चेहरा असा व्हायचा. मला खरंच वाटायचं, झिणझिणलं म्हणून.”

“माहितेय.”

“मालकाला मी दोन महिने सांगितले होते.”

“पाच सांग. सहा सांग.”

“एक्केचाळीस मिलिमीटर.” त्याने बधिर करंगळी दुसऱ्या हाताने उचलून सरळ केली आणि सोडली. ती परत वाकली. “म्हणजे मागे गेली ती?”

ताईने वही उघडली. मागच्या पानांवर सरळ चढत गेलेले आकडे होते, दर आठवड्याला सात, पुस्तकातल्यासारखे. तिने ते खोडले नाहीत. खालच्या ओळीत तारीख घातली आणि समोर लिहिलं, एक्क्याण्णव. समासात बारीक अक्षरात लिहिलं, डोळे मिटून.

“मागे नाही गेली,” ती म्हणाली. “इथेच होती.”